बाबांच्या अंगठ्याखालचा ब्रेक

'जुनं द्या, नवं घेऊन जा' अशी पाटी दुकानावर दिसली, की शहाण्या माणसाने मान खाली घालून पुढे चालू लागावं. मी थांबलो. (यावरून काय ते समजा.) तेही पाटी वाचायला नव्हे, बुटाची लेस बांधायला. लेस बांधून होईपर्यंत पाटी दोनदा वाचून झाली, आणि मी उभा राहिलो तोवर आमच्या घरातला गेम कन्सोल बदलून टाकायचा बेत डोक्यात पक्का झाला होता.

हा कन्सोल माझा नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. तो माझ्या बायकोला तिच्या ऑफिसच्या सोडतीत लागला होता. (मला आजवर सोडतीत एकच चाळणी लागली आहे, आणि ती शेजारच्यांच्या नंबरवर निघाल्यामुळे परत द्यावी लागली.) टीव्हीला जोडायचं एक काळं खोकं, दोन कंट्रोलर आणि सोबत गाडी चालवायचा एक गेम. बरेच महिने ते सगळं कपाटावर पडून होतं. मग एके दिवशी बायकोचं ऑफिस शहराबाहेर हललं, दोन बस बदलून जायची वेळ आली, आणि तिने जाहीर केलं, "मी गाडी शिकणार."

"शीक की," मी म्हणालो. "आपल्याकडे गाडी नाही, एवढं सोडलं तर काहीच अडचण नाही."

तिने खोकं कपाटावरून खाली काढलं, पुसलं, टीव्हीला जोडलं आणि पडद्यावरची गाडी सुरू करून थेट एका कारंज्यात घातली.

तेव्हा खिडकीपाशी बसलेले बाबा ओरडले, "क्लच!"

आम्ही दोघांनी वळून बघितलं, कारण बाबांचा एवढा मोठा आवाज घरात कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

आमच्या बाबांनी आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्धं शहर त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलेलं आहे. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तो बाबांचा खरा जोडीदार. त्या ब्रेकच्या जोरावर त्यांनी किती कुंपणं, किती सायकलवाले आणि किती शिकाऊ नवरे वाचवले, याची गणती नाही. मग पाठीचं दुखणं आलं आणि उजवं पाऊल बधिर झालं. पाय ब्रेकवर आहे की चपलेवर हेच कळेना. डॉक्टरांनी सांगितलं, आता बंद. बाबांनी स्कूल आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या हवाली केलं आणि घरी येऊन खिडकीत बसले. आई आधीच गेलेली. सुरुवातीला ते रस्त्यावरच्या गाड्यांवर खिडकीतून ओरडायचे, "अरे, इंडिकेटर!" पुढे तेही थांबलं. मला वाटलं, बरं झालं, शेजाऱ्यांना त्रास नको. (मी हा असा आहे.)

तर त्या दिवशी बाबा खिडकीतून उठून सोफ्यावर येऊन बसले. बायकोने खोक्याच्या सेटिंगमध्ये इकडेतिकडे बोटं घातली आणि तिला 'को-ड्रायव्हर' नावाचं एक बटण सापडलं. ते चालू केलं की दोन्ही कंट्रोलर एकाच गाडीला लागायचे. एकाने चालवायची, दुसऱ्याने सांभाळायची. तिने दुसरा कंट्रोलर बाबांच्या हातात दिला. बाबांनी उजव्या अंगठ्याने एक बटण दाबून बघितलं. पडद्यावर गाडी कचकन थांबली.

बाबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा थांबली.

"पाय गेला," बाबा म्हणाले, "पण अंगठा शाबूत आहे." आणि ते ताठ बसले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात शिकवणी. सोफा म्हणजे गाडी. बायकोने माझ्या जुन्या बॅगेचा पट्टा खांद्यावरून कमरेला बांधायचा, तो सीट बेल्ट. मग हवेतच आरसा नीट करायचा. मग न्यूट्रल. एवढं झाल्याशिवाय बाबा गेम सुरू करू द्यायचे नाहीत. गेममध्ये एक चढ होता, चढावर सिग्नल, आणि सिग्नलला थांबलं की आपल्या मागे एक दुधाची गाडी उभी असायची. त्या चढावर गाडी मागे न घसरू देता उचलायची, ही बाबांची परीक्षा. बायको रोज घसरायची आणि दुधाच्या गाडीला लागणार इतक्यात बाबांचा अंगठा खाली यायचा.

"घाबरू नकोस पोरी, मी आहे," बाबा म्हणायचे.

हे वाक्य मला आयुष्यात कुणी म्हटलेलं नाही. म्हणजे बाबांनी म्हटलं असेल, पण मी त्यांच्याकडे गाडी शिकत होतो त्या काळात ते बहुतेक डोळे मिटून बसायचे. बाबांच्या उभ्या कारकिर्दीत तीनदा नापास झालेला विद्यार्थी एकच, आणि तो त्यांच्या घरातच जेवायला असायचा. तिसऱ्या परीक्षेत मी गाडी मागे घेतली आणि परीक्षा घेणाऱ्या इन्स्पेक्टरची मोटरसायकल आडवी केली. इन्स्पेक्टर तिच्यावर बसलेले नव्हते, हे माझं नशीब. त्यानंतर बाबा माझ्या शेजारी कधी बसले नाहीत आणि मीही कधी 'बसा' म्हटलं नाही.

संध्याकाळी मी कामावरून यायचो तेव्हा दार माझं मीच उघडायचो. मान वर करून बघायची कुणाला फुरसत नसायची. चहा थर्मासमध्ये. मी स्टूल ओढून सोफ्यामागे बसायचो आणि कौतुकाने म्हणायचो, "अरे वा, तिसरा गिअर वाटतं?"

"मागच्या सीटवरच्यांनी बोलायचं नाही," बाबा समोर बघत म्हणायचे.

आता खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा. आपण काहीतरी करावं, दोघांनी वळून आपल्याकडे बघावं, 'अहो!' आणि 'अरे!' असं एकदम म्हणावं, एवढीच इच्छा. त्यातून ते जुनं खोकं तापलं की मिक्सरमध्ये खडे घातल्यासारखा आवाज करायचं. तेव्हा ती पाटी दिसली आणि मला वाटलं, हीच संधी.

त्या शनिवारी बायको बाबांना पायाच्या व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेली. मी जुना कन्सोल जुन्या चादरीत गुंडाळला आणि बाळ घेऊन निघाल्यासारखा दुकानात पोचलो.

सेल्समनने चादर सोडली. "कंट्रोलर एकच?"

"दुसरा सापडत नाहीये." (तो बाबांच्या सदऱ्याच्या खिशात होता. बाबा तो दवाखान्यातही नेत असत, अंगठ्याला सवय राहावी म्हणून.)

"चालेल. नव्यालाही लागतो तो. नवा बघा, किती सडपातळ!"

"आवाज करतो?"

"अजिबात नाही. चालू आहे की बंद तेच कळत नाही."

"रंग?"

"पांढरा, राखाडी, आणि एक मधला."

"मधला द्या. आणि नवीन काय आहे यात?"

"नवीन म्हणजे, सर, नको त्या सगळ्या गोष्टी काढून टाकल्यात कंपनीने."

"वा!" मी म्हणालो.

मी 'वा' म्हणालो. कुठल्या गोष्टी, कुणाला नको असलेल्या, एवढा साधा प्रश्न तोंडातून निघाला नाही. मी वायर किती लांब आहे ते मात्र विचारलं.

संध्याकाळी दोघं आले. मी टीव्हीसमोरून टॉवेल ओढला. "ट्टॅडॅऽऽ!"

"अहो, हे काय?" बायको म्हणाली. "जुना कुठेय?"

"दिला. त्या बदल्यात हा. आवाज नाही, गरम होत नाही, आणि गेमही तोच आत घालून आणलाय."

"मला न विचारता?"

"सरप्राइज विचारून कसं देणार?"

बायको काहीतरी बोलणार होती, पण बाबांनी खिशातून कंट्रोलर काढला आणि सोफ्यावर आपली जागा घेतली. "राहू दे गं," ते म्हणाले. "हौसेने आणलंय. गाडी गाडी असते. पट्टा बांध."

मला भरून आलं. मी स्टूलसुद्धा घेतलं नाही, उभाच राहिलो.

पट्टा, आरसा, न्यूट्रल. गाडी निघाली. पहिलं वळण झकास. मग तो चढ, तो सिग्नल, ती दुधाची गाडी. बायकोने हाफ क्लचला थोडी घाई केली आणि गाडी मागे घसरू लागली. ती निवांत होती, कारण शेजारी बाबा होते. बाबांनी अंगठा दाबला.

गाडी घसरत राहिली.

बाबांनी जोरात दाबला. मग दोन्ही अंगठ्यांनी. पडद्यावर धाडकन आवाज झाला, दुधाची गाडी उलटी झाली आणि सगळ्या रस्त्यावर पांढरं पांढरं झालं. आणि तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक दुसरीच निळी गाडी जागच्या जागी उभी असलेली दिसली.

"ही कुणाची?" बायकोने विचारलं.

"ती तुमची असणार, बाबा," मी आनंदाने ओरडलो. "बघा, तुम्हाला वेगळी गाडी दिली!"

बाबांनी निळ्या गाडीकडे बघितलंही नाही. ते आपल्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांनी तो वाकवला, सरळ केला, तर्जनीवर घासून पाहिला. मग कंट्रोलर खाली ठेवून म्हणाले, "आज दमलोय मी," आणि खोलीत गेले.

पुढचे दोन दिवस बाबा संध्याकाळी सोफ्यावर आलेच नाहीत. खोलीचं दार अर्धवट उघडं असायचं, आणि आत ते पलंगावर बसून अंगठ्याला तेल चोळत असायचे. आधी पाय गेला, आता अंगठाही गेला, असं ते धरून चालले होते. मला विचाराल तर त्या सगळ्या प्रकरणात मला अजूनही बोचतं ते हेच. मी दारावरून जाता-येता बघत होतो आणि मनात म्हणत होतो, म्हातारपणी सांधे धरतात, चालायचंच.

शेवटी बायकोने नव्या खोक्याच्या सगळ्या सेटिंग चाळल्या. 'को-ड्रायव्हर' कुठेच नाही. मग तिने कंपनीच्या साइटवरचा मजकूर मला मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला, "फारच थोडे ग्राहक वापरत असल्यामुळे नव्या मॉडेलमधून ही सोय वगळण्यात आली आहे."

ते फारच थोडे ग्राहक आमच्या सोफ्यावर बसत होते.

मी बाबांच्या खोलीत गेलो. "बाबा, तुमचा अंगठा ठणठणीत आहे. मशीनमध्येच ते को-ड्रायव्हरचं बटण नाहीये. कंपनीने काढून टाकलंय."

बाबा तेल चोळायचे थांबले. "म्हणजे मला काढलं."

"तुम्हाला नाही हो, त्या सोयीला काढलं."

"तेच ते," बाबा म्हणाले आणि तेलाच्या बाटलीचं बूच लावलं.

"पण निळी गाडी तुमचीच आहे, बाबा. हवी तशी चालवा."

"मला गाडी नकोय रे. मला ब्रेक हवाय."

दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा खिडकीत जाऊन बसले. बायको माझ्याशी भांडलीसुद्धा नाही. भांडली असती तर मला जरा हलकं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "नवीन आणलंत त्याचं काही नाही. पण जुनं न्यायच्या आधी, ते कोण कशाला वापरतंय, हे बघायला हवं होतं तुम्ही. रोज मागेच तर बसत होतात."

मी दुकानात धावलो. सेल्समन हसतमुखाने सामोरा आला. "काय सर, आवडला?"

"मला माझा जुना परत हवाय."

"तो गेला, सर."

"कुठे?"

"जुने जातात तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे?"

त्याने हाताने एक दिशा दाखवली. त्या दिशेला दुकानाची भिंत होती. "तिकडे सुटे भाग करतात," तो म्हणाला. मी भिंतीकडे बघून घरी आलो.

मग कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बऱ्याच वाजंत्रीनंतर एक बाई बोलू लागल्या.

"आपली अडचण सांगा, सर."

"माझ्या वडिलांचा ब्रेक लागत नाही."

"सर, वाहनासाठी कृपया आपल्या गॅरेजशी संपर्क साधा."

"वाहन नाही हो, सोफा आहे."

"सर, आम्ही सोफ्याची विक्री करत नाही."

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाय, अंगठा, चढ, दुधाची गाडी. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. योग्य ती दखल घेण्यात येईल."

हे ऐकताच मी फोन ठेवून दिला. कारण मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात कारकून आहे, आणि ही दोन वाक्यं मी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांना सांगतो. त्यांचा अर्थ जगात माझ्याइतका कुणाला ठाऊक असणार? (त्या दिवशी दुपारी मी एका आजीबाईंना स्वतःहून फोन करून त्यांचा नळ सुरू झाला का, असं विचारलं. त्या इतक्या घाबरल्या की त्यांनी 'सुरू झाला, सुरू झाला' म्हणून फोन ठेवून दिला. नळ बंदच होता, हे नंतर कळलं.)

मग मी इंटरनेटवर शिरलो. तिथे त्या नव्या मॉडेलवर चिडलेल्या लोकांचा मोठा अड्डा भरलेला होता. माझी समजूत होती की मी एकटाच दुःखी. छे! 'फ्यूज उडाला' नावाचा गृहस्थ डिस्क घालायची खाच काढली म्हणून कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. 'शांत बाई' नावाच्या बाईंना आवाज बंद झाल्याचा राग आला होता, कारण त्यांचं मांजर त्या आवाजाला झोपायचं. एकाला बटणाचा टक् हवा होता. एकाने तर समोरचा हिरवा दिवा पांढरा केल्याबद्दल इतकं गहिवरून लिहिलं होतं की मी कुणाच्या तरी मृत्यूची बातमी वाचतोय असं वाटलं. आधी मला हसू आलं. मग वाटलं, दिव्यासाठी कुणी रडत नसतं. त्या हिरव्या उजेडातही कुणीतरी कुणाच्या तरी शेजारी बसत असेल.

मी 'दुसरा ब्रेक' असं नाव घेतलं आणि लिहायला बसलो. ऑफिसात लोकांच्या तक्रारी दोन ओळींत आटोपायची सवय, पण स्वतःची तक्रार लिहिताना चार पानं झाली. पहिलं उत्तर तत्काळ आलं. 'काका, ऑटोमॅटिक घ्या.' दुसरं, 'हे कोण वापरतं?' तिसऱ्याने नुसतंच हसणारं तोंड पाठवलं होतं.

हे मी बाबांना सांगायला नको होतं. पण त्यांनी विचारलं, "काय म्हणतायत लोक?" आणि मला थापा मारता येत नाहीत. (म्हणजे मारतो, पण त्या लगेच पकडल्या जातात.)

"'हे कोण वापरतं', असं म्हणतायत."

"बरोबर आहे त्यांचं," बाबा म्हणाले आणि रस्त्याकडे बघू लागले. एक गाडी इंडिकेटर न देता वळली. बाबा काही बोलले नाहीत.

बायको मात्र स्वस्थ बसणारी नव्हे. तिने खऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तेच, बाबांचं. बाबांचा तो जुना विद्यार्थी आता भरघोस मिशा राखून तिथला मालक होता. पहिल्या दिवशी ती बाबांना म्हणाली, "चला."

"मी येऊन काय करू? माझा पाय चालत नाही."

"पाय त्यांचा. तोंड तुमचं. मागे बसा."

"मागच्या सीटवरच्यांनी बोलायचं नसतं," बाबा म्हणाले. पण गेले.

पुढचे काही आठवडे मिशीवाल्यांचे फार वाईट गेले. पुढे बायको चालवतेय, शेजारी ते आपल्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेत, आणि मागून बाबा त्या दोघांनाही शिकवतायत. "क्लच सोड हळू. आणि तू रे, पाय उचल ब्रेकवरून. तिला घसरू दे थोडं, मग दाब. आधीच दाबलंस तर ती शिकेल काय?" मिशीवाले 'हो सर, हो सर' म्हणत घाम पुसायचे. बाबा घरी यायचे ते गाल लाल करून. जेवायचे नीट. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

बायको पहिल्याच परीक्षेत पास झाली. चढावर गाडी केसभरही मागे गेली नाही. (इन्स्पेक्टर बदललेले होते, पण आडनाव ऐकून त्यांनी आधी आपली मोटरसायकल लांब नेऊन लावली म्हणे.) तिने ऑफिसातल्या एका बाईंची जुनी गाडी घेतली आणि रोज एकटी ये-जा करू लागली. पेढे वाटले, फोटो काढले. त्या गडबडीत माझ्या उशिरा लक्षात आलं की बाबा कुठे दिसत नाहीत. ते खिडकीत बसले होते. ती पास झाली आणि बाबांची नोकरी दुसऱ्यांदा गेली.

तिला कळत होतं. "बाबा, चला ना माझ्याबरोबर फेरीला," ती म्हणायची. बाबा जायचेही. पण ती आता इतकी छान चालवायची की ते परत येऊन म्हणायचे, "काही बोलण्यासारखं राहिलंच नाही." यात तक्रार नव्हती, अभिमानच होता. पण त्यानंतर ते अंगठा तर्जनीवर घासत बसायचे, आणि मला जेवण जायचं नाही.

आणि मग एके दिवशी मी सहज त्या चिडलेल्यांच्या अड्ड्यावर डोकावलो. माझ्या चार पानांखाली उत्तरांची रांग लागली होती. कुणीतरी लिहिलं होतं, "हे मी वापरतो. माझ्या बहिणीचा एक हात चालत नाही. ती वळवते, मी बटणं दाबतो." त्याच्याखाली एका नवऱ्याने लिहिलं होतं की त्याची बायको डोळ्यांनी अधू आहे, तरी दोघं मिळून एकच गाडी हाकतात. मग एक नातू. मग एक शिक्षिका. 'फ्यूज उडाला' आपल्या डिस्कच्या खाचेचं दुःख बाजूला ठेवून सगळ्यांच्या वतीने कंपनीला रोज शिव्या घालत होता. 'काका, ऑटोमॅटिक घ्या' म्हणणाऱ्याने माफी मागितली होती. आणि सगळ्यात खाली कंपनीची सूचना होती. ग्राहकांच्या प्रतिक्रियांची दखल घेऊन पुढच्या अपडेटमध्ये 'को-ड्रायव्हर' परत येत आहे.

दखल घेतली! मी ऑफिसात उभा राहून टाळी वाजवली. साहेबांनी काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, "सर, तक्रारीची खरोखरच दखल घेतली." साहेबांचा विश्वास बसला नाही.

मी धावत घरी आलो. बायको यायची होती. बाबा खिडकीत. मी खोक्यावरची धूळ झटकली, अपडेट केलं, बटण शोधलं. होतं! मी बाबांपुढे जाऊन उभा राहिलो.

"बाबा, ब्रेक परत आला."

"बरं झालं. त्या बहीण-भावाचं काम होईल." (म्हणजे बाबा माझ्याही आधी माझ्या मोबाईलवर ते सगळं वाचत होते तर!)

"तुमचंही होईल की."

"मी कुणासाठी दाबू? ती शिकली."

मी घसा साफ केला. हे वाक्य मला फार पूर्वी म्हणायला हवं होतं. तेव्हा म्हणालो असतो तर कदाचित ते इतकं जड गेलं नसतं.

"मला शिकवा, बाबा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. माझ्या मागे एखादी मोटरसायकल उभी आहे का, हेही त्यांनी बघितलं असावं.

"तू?"

"मी."

बाबा उठले. पाय ओढत खोलीत गेले. मला वाटलं झोपायला गेले. पण ते सदरा बदलून आले. बाहेर शिकवायला जाताना घालायचे तो, कडक इस्त्रीचा. खिशात कंट्रोलर. सोफ्यावर आपल्या जागी ताठ बसले आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"पट्टा बांध."

मी पट्टा बांधला. तो पोटावर थोडा कमी पडला, पण धरून ठेवला. हवेत आरसा नीट केला. न्यूट्रल. पहिला गिअर. माझ्या शेजारी बाबा बसले होते, आणि मी मान वळवून बघितलं तर त्यांचे डोळे उघडे होते. माझा ऊर भरून आला. मी ॲक्सिलरेटर दाबला.

इंजिन घरघरलं. गाडी हलली नाही.

मी आणखी दाबला. खोलीभर आवाज झाला. गाडी जागची हलेना.

"बाबा, हे अपडेट बिघडलेलं दिसतंय," मी म्हणालो. "लिहू का कंपनीला?"

"काही बिघडलेलं नाही. ब्रेक मी दाबून धरलाय."

"का?"

"समोर बघ."

मी बघितलं. सिग्नल हिरवा होता. चढावर कुणी नव्हतं. दुधाची गाडीसुद्धा नव्हती.

"रस्ता तर अगदी मोकळा आहे, बाबा."

"आहे ना," बाबा म्हणाले. "तसाच राहू दे."

बायको आली तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलो होतो. मी ॲक्सिलरेटरवर, बाबा ब्रेकवर. तिने दारातूनच पाहिलं, गाडीची किल्ली खुंटीला लावली आणि हळूच विचारलं, "कुठवर पोचलात, बाबा?"

"अजून सुटलेलोच नाही," बाबा अंगठा न उचलता म्हणाले. "पण उद्या पुन्हा बसवतो. आज कुणाची मोटरसायकल पडली नाही, हेच पुष्कळ झालं."